शिवेवरची वीज

माझ्या आजीचा एक शालू होता. पदरापासून रेशीम विरत गेलं, घड्यांवर फाटलं, आणि शेवटी वाचवण्यासारखी जर तेवढी उरली. आजी तो घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेली, मीही सोबत गेलो. त्याने काठ कातरून मुशीत टाकले आणि धग दिली. केस जळावेत तसा रेशमाचा वास सुटला आणि मुशीच्या तळाशी चांदीचा एक मणी राहिला. ‘बघा आजी, एवढीच निघाली,’ सोनार म्हणाला. आजीला ती कमी वाटली. मला नवल वाटलं ते वेगळंच. सबंध शालूवर जी झळाळी मी लहानपणापासून पाहिली होती, ती या वाटाण्याएवढ्या मण्याची होती!

आमचं बऱ्हाणपूर हे त्या झळाळीचं जुनं गाव. सतराव्या शतकात इथून गेलेल्या ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने इथल्या तलम कापडाची आणि सोन्या-चांदीच्या तारा घातलेल्या वस्त्रांची नोंद करून ठेवली आहे. आज गावात यंत्रमागांची खडखड ऐकू येते, पण तारकशी आणि कलाबतू ही एकेकाळी इथली मोठी कारागिरी होती. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती कांब पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहूनही लहान. तार केसासारखी झाली की ठोकून चपटी करायची. तिला बादला म्हणतात. हा बादला रेशमाच्या धाग्यावर वळसे देत गुंडाळला की झाली कलाबतू. नुसत्या तारेला विणकामाचा ताण सोसत नाही, नुसत्या रेशमाला ती चकाकी नाही.

एकदा मी या तारेचा हिशेब मांडून पाहिला. समजा, शंभर भाग चांदीवर अर्धा भाग सोनं चढवलं आणि तार ओढत ओढत ०.१ मिलिमीटर जाडीची केली. चांदी ओढली जाते तशी वरची सोन्याची साल सुद्धा ओढली जाते, तुटत नाही. शेवटी त्या सालीची जाडी ७० नॅनोमीटरच्या आसपास उरते, म्हणजे एकावर एक रचलेले सुमारे अडीचशे-तीनशे अणू. नॅनो हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी आमच्या गल्ल्यांतले हात त्या मापात काम करत होते.

हे सगळं आठवायचं कारण २०१६ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध. मोहालीच्या आयसर संस्थेतले गौतम शीत, लीना अगरवाल आणि त्यांचे सहकारी यांनी शुद्ध चांदीच्या तारेचं टोक कॅडमियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर टेकवलं. चांदी कितीही थंड केली तरी ती अतिसंवाहक झाल्याचं, म्हणजे तिचा विजेला होणारा रोध पुरता नाहीसा झाल्याचं, आजवर कोणी पाहिलेलं नाही. हा स्फटिकही साध्या दाबाखाली अतिसंवाहक होत नाही. पण जिथे दोघं टेकले, त्या ठिपक्यात ६ केल्व्हिनच्याही थोडं वर अतिसंवाहकता दिसू लागली. गुण चांदीचा नव्हता, स्फटिकाचाही नव्हता. तो दोघांच्या शिवेवर उपजला होता.

मराठीत शीव म्हणजे दोन गावांमधली हद्द. बऱ्हाणपूरच्या माणसाला शीव समजावून सांगावी लागत नाही. इथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी, जुन्या मोहल्ल्यांत उर्दू. पदार्थविज्ञानातली ही शीव मात्र समजावून सांगण्याजोगी आहे, कारण तिथे काय होतं याचा शोध गेली दीडशे वर्षं चालू आहे आणि त्याची बरीच पानं भारतात लिहिली गेली आहेत.

आधी अतिसंवाहकता. आमच्या गावाचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती चटकन सांगता येईल. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. शंभरएक कुंड्या आणि त्यांना जोडणारा भूमिगत बोगदा. मोट नाही, पंप नाही, पाणी आपलं आपण वाहतं. पण ते वाहतं उतारामुळे. उतार काढून घेतला तर पाणी थांबेल, कारण बोगद्याच्या भिंती त्याला अडवतात. चारशे वर्षांत तर भिंतींवर क्षारांचे थर चढून वाट आणखी अरुंद झाली आहे. तांब्याच्या तारेतली वीज अशीच असते. व्होल्टेज हा तिचा उतार. तारेतले थरथरणारे अणू आणि अशुद्धी इलेक्ट्रॉनांना अडवतात, तार तापते आणि व्होल्टेज काढलं की प्रवाह त्याच क्षणी संपतो. अतिसंवाहकात उतार लागत नाही. वर्तुळाकार तारेत एकदा प्रवाह सोडला की तो फिरतच राहतो. १९६३ साली फाइल आणि मिल्स या दोघांनी अशा प्रवाहाची क्षीण होण्याची गती मोजून अंदाज बांधला, तर तो मावळायला लाखभर वर्षं तरी लागतील असं निघालं.

हा गुण पहिल्यांदा दिसला तो पाऱ्यात. हॉलंडमधल्या लायडन इथे हेइके कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायू द्रवरूप केला आणि १९११ साली त्यात पारा थंड केला. ४.२ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसला, पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. मे महिन्यात बऱ्हाणपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, ते झाले ३१८ केल्व्हिन. त्या दोन तापमानांमधली दरी बुजवणं हे या विषयाचं जुनं स्वप्न आहे.

यातली एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना पटत नाही. चांदी ही विजेची सर्वांत चांगली वाहक. तांबं आणि सोनं तिच्या पाठोपाठ. हे तिघेही अतिसंवाहक होत नाहीत. शिसं, कथील, पारा हे त्यांच्या मानाने सुमार वाहक, ते मात्र होतात. असं का?

याचं उत्तर १९५७ साली जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दिलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. पण स्फटिकातून जाणारा इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या धनभारित अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो. अणू जड, ते हलतात सावकाश आणि परततातही सावकाश. इलेक्ट्रॉन केव्हाच पुढे निघून गेलेला असतो, पण मागे धनभाराचा थोडा दाटवा राहतो, आणि दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे खेचला जातो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी गेली की चिखलात चाकोरी उमटते आणि मागून येणारी गाडी आपसूक त्याच चाकोरीत शिरते, तसं हे. दोन गाड्यांनी ठरवलेलं काही नसतं, त्यांना जोडते ती माती. अशा जोड्या जमल्या की सगळ्या जोड्या मिळून एकाच लयीत चालू लागतात, आणि एकट्यादुकट्या अडथळ्याला त्यांच्यातल्या एकीला बाजूला काढणं जमत नाही. रोध संपतो.

आता चांदीचं कोडं सुटतं. चांदी म्हणजे टणक मुरमाड वाट. इलेक्ट्रॉन तिच्यावरून सुसाट जातात, कारण अणूंशी त्यांची ओढाताण फार कमी. पण म्हणूनच चाकोरी उमटत नाही. शिसं हे काळं रान. एरवी तिथे गाडी रुतते, आणि तीच माती थंडीत जोड्या जमवते. शिशाची अतिसंवाहकता ७.२ केल्व्हिनला सुरू होते, नायोबियमची ९ च्या थोडी वर, ॲल्युमिनियमची १.२ ला. जड अणूंच्या सावकाश थरथरीवर सगळं अवलंबून असल्याने हे आकडे फार वर जात नाहीत. १९७३ पर्यंत सर्वांत वरचा आकडा २३ केल्व्हिनच्या आसपास होता.

मग प्रश्न असा आला : चाकोरी अणूंच्याच मातीत उमटायला हवी का? दुसरीकडे कुठे उमटली तर?

इथे अर्धसंवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर, गोष्टीत येतो. त्यात इलेक्ट्रॉन आपापल्या जागी धरलेले असतात, पण पकड फार घट्ट नसते. थोडी ऊर्जा मिळाली की सुटतात आणि मागे धनभाराची मोकळी जागा ठेवतात. धातू आणि अर्धसंवाहक एकमेकांना टेकले की त्यांच्या शिवेवर विद्युतभारांची देवघेव होते आणि बहुधा एक बांध उभा राहतो, जो वीज एका दिशेने जाऊ देतो आणि उलट दिशेने अडवतो. फर्डिनांड ब्राउन यांनी हे १८७४ साली पाहिलं. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजावर धातूचं टोक टेकवून विद्युतलहरी टिपण्याचं उपकरण बनवलं. त्याच्या अमेरिकी पेटंटासाठी १९०१ साली अर्ज झाला आणि १९०४ साली ते मिळालं. अर्धसंवाहकाच्या उपकरणाचं जगातलं पहिलं पेटंट म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. त्यानंतर कितीतरी वर्षं घरोघरच्या स्फटिक-रेडिओंत गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकणारी बारीक तार असे. तार हलवत हलवत ‘बोलणारी’ जागा शोधावी लागे. मोहालीच्या प्रयोगाचं वर्णन वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती हीच तार.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला, तोही याच घराण्यातला. प्लास्टिकच्या तिकोनी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी पात्याने चिरून त्याचे दोन भाग केले आणि ते जर्मेनियमवर स्प्रिंगने दाबले. हे करणाऱ्या दोघांपैकी एक वॉल्टर ब्रॅटन आणि दुसरे जॉन बार्डीन. होय, तेच. १९५६ साली ट्रान्झिस्टरसाठी आणि १९७२ साली अतिसंवाहकतेच्या उपपत्तीसाठी अशी भौतिकशास्त्राची दोन नोबेल पारितोषिकं मिळालेला हा एकच माणूस. दोन्ही गावांच्या पाटीलकीचा मान असलेल्या या माणसाने पुढच्याच वर्षी त्या दोन गावांच्या शिवेवर पाऊल ठेवलं याचं मला विशेष वाटतं.

१९७३ साली डेव्हिड ॲलेंडर, जेम्स ब्रे आणि बार्डीन यांनी एक प्रतिमान मांडलं. अर्धसंवाहकावर धातूचा अत्यंत पातळ, मोजक्या अणूंच्या जाडीचा थर द्यायचा. धातूतला इलेक्ट्रॉन ही लहर असल्याने ती शिवेपाशी कापल्यासारखी थांबत नाही, थोडी पलीकडे झिरपते. पलीकडे अर्धसंवाहकातले सैलसर बांधलेले इलेक्ट्रॉन तिच्यामुळे बाजूला सरकतात आणि धनभार उघडा पडतो. त्याच्याकडे धातूतला दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. म्हणजे गाड्या आपल्या वाटेवर, आणि चाकोरी बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानात! शिवाय इथे हलतात ते जड अणू नव्हेत, हलके इलेक्ट्रॉन. त्यांची थरथर कितीतरी पट वेगाची, म्हणून अतिसंवाहकता पुष्कळ वरच्या तापमानाला यावी अशी आशा. या विचाराची बीजं १९६४ सालची : अमेरिकेत विल्यम लिटल यांनी लांबलचक सेंद्रिय रेणूंसाठी आणि रशियात व्हितालि गिन्झबर्ग यांनी पृष्ठभागांसाठी अशी कल्पना मांडली होती.

बार्डीन यांच्या प्रतिमानावर १९७३ सालीच इंक्सन आणि फिलिप अँडरसन यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, शेजारच्या रानाची मदत या मांडणीत वाजवीपेक्षा जास्त मोजली आहे; पुरता हिशेब केला तर आकर्षण उरत नाही. प्रयोग झाले, निःसंदिग्ध असं काही हाती आलं नाही. बार्डीन यांच्या त्या कल्पनेचा निकाल त्यांना हवा तसा आजही लागलेला नाही. पण तिने लोकांना शिवेकडे बघायला लावलं, आणि शिवेवर इतर काही सापडत गेलं.

खार्किव्हच्या शास्त्रज्ञांनी लेड टेल्युराइड आणि लेड सल्फाइड यांचे पातळ थर एकावर एक रचले. दोन्ही अर्धसंवाहक. त्यातलं लेड सल्फाइड म्हणजे बोसांचं गॅलेनाच. दोघांच्या अणूंच्या रांगांमधलं अंतर थोडं वेगळं, त्यामुळे शिवेवर रांगा जुळत नाहीत आणि विसंगतीच्या रेषांची एक जाळी तयार होते. ही जाळी ६ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहक होते. २००७ साली जिनिव्हाच्या गटाने आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी दोन विद्युतरोधक ऑक्साइडांच्या शिवेवर ०.२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. २००८ साली ब्रुकहेवनमध्ये तांब्याच्या दोन ऑक्साइडांचा, एक धातूसारखा आणि एक विद्युतरोधक, सांधा ५० केल्व्हिनपर्यंत पोचला. सुटे सुटे घेतले तर दोन्ही थर अतिसंवाहक नव्हते. आणि २०१२ साली बेजिंगमध्ये लोह-सेलेनाइडचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वाढवला, तेव्हा एरवी ८ केल्व्हिनला अतिसंवाहक होणाऱ्या या पदार्थात तिच्या खुणा ६५ केल्व्हिनच्या आसपास टिकलेल्या दिसल्या.

शीव फसवतेही. बिस्मथ आणि निकेल यांची गोष्ट घ्या. निकेल तर चुंबक. चुंबकत्व इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतं. तरी १९९० साली या दोघांच्या जोडथरात ४ केल्व्हिनच्या आसपास अतिसंवाहकता दिसली. पुढे शंका आली की सांध्यावर दोन्ही धातू मिसळून बिस्मथ-निकेलचं एक संयुग तयार होत असावं, कारण ते संयुग नेमकं त्याच तापमानाला अतिसंवाहक होतं. शिशाच्या अर्धसंवाहकांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते : कुठे शिशाचा बारीकसा कण सुटा झाला असेल तर ७.२ केल्व्हिनला तोच बोलेल. सोनार कसोटीवर कस लावतो तो दागिन्यावर अविश्वास म्हणून नव्हे, ती त्याच्या कामाची रीत असते. इथेही तसंच.

आणि सोन्या-चांदीचं तर एक अगदी जवळचं उदाहरण आहे. २०१८ च्या जुलैत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एक दावा आला : सोन्यात रुतवलेल्या चांदीच्या नॅनोकणांत २३६ केल्व्हिनला, म्हणजे शून्याखाली ३७ अंशांना, अतिसंवाहकता. जणू आमची कलाबतूच! ही बातमी वाचल्याची ती रात्र मला आठवते, झोप लागली नव्हती. मग अमेरिकेतल्या ब्रायन स्किनर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन आलेखांतला गोंगाट हुबेहूब सारखा आहे, आणि गोंगाट तर दर वेळी वेगळा असायला हवा. बंगळूरच्या गटाने २०१९ साली आणखी मोजमापं मांडली. दुसऱ्या प्रयोगशाळांकडून या दाव्याला स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही.

म्हणूनच मला मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं २००४ सालचं एक काम फार मोलाचं वाटतं. बातमी होण्यासारखं ते नव्हतं. तिथे गौतम शीत तेव्हा प्रताप रायचौधुरी यांच्या हाताखाली शिकत होते. धातूचं टोक अतिसंवाहकावर टेकवून त्या ठिपक्यातून किती वीज जाते ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. तिच्यामागे १९६४ सालचं अलेक्सांद्र आंद्रेएव्ह यांचं सूत्र आहे. साध्या धातूतून आलेल्या इलेक्ट्रॉनाला अतिसंवाहकाच्या दारात एकट्याने प्रवेश नसतो. आत सगळे जोडीने. तो आपल्याच बाजूचा एक जोडीदार सोबत घेऊन आत जातो आणि मागे धनभाराची रिकामी जागा उलट दिशेला निघते. एकाच्या जागी दोन भार पार होतात, म्हणून ठिपक्याची वाहकता दुपटीपर्यंत वाढू शकते. ही वाढ हीच अतिसंवाहकतेची सही. कुलाब्याच्या त्या कामाने दाखवून दिलं की ठिपका पुरेसा बारीक नसेल, तर तिथे प्रवाह मर्यादेबाहेर जाऊन आलेखात तीक्ष्ण खळगे पडतात, आणि अजाण माणूस त्यांनाच नवं भौतिकशास्त्र समजून बसेल. बारा वर्षांनी मोहालीत चांदीच्या टोकाखाली काहीतरी अनपेक्षित दिसलं, तेव्हा ते पाहणाऱ्याला टोक कसं फसवतं हे आधीच ठाऊक होतं.

याच कुलाब्यात एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ साध्या दाबाखाली ०.०००५३ केल्व्हिनपर्यंत थंड करून तो अतिसंवाहक होतो हे दाखवलं; ‘सायन्स’मधला तो निबंध २०१६ च्या अखेरचा. बिस्मथ हा धातू आणि अर्धसंवाहक यांच्या मधला. त्यात साधारण लाख अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वस्तीत जोड्या कशा जमतात, हे रूढ उपपत्तीने नीट सांगता येत नाही.

सांध्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि व्यवहारात आज त्याचंच राज्य आहे : उसनी अतिसंवाहकता. अतिसंवाहक धातू अर्धसंवाहकाला नीट चिकटला तर त्यातल्या जोड्या शीव ओलांडून थोड्या आत जातात आणि तेवढा पट्टा अतिसंवाहकासारखा वागू लागतो. दोन अतिसंवाहकांमध्ये असा अरुंद पट्टा ठेवला तर रोधाशिवाय प्रवाह पार जातो. अडचण एवढीच की शिवेवरचा तो बांध सहसा आड येतो. इंडियम आर्सेनाइडमध्ये तो जवळजवळ नसतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आपणहून गोळा होतात. म्हणून जगभर त्याच्यावर ॲल्युमिनियम चढवण्याची धडपड चालते. २०१५ साली कोपनहेगनमध्ये हा सांधा अणूला अणू जुळवून घडवता आला. अशा सांध्यांत माजोराना नावाच्या विलक्षण अवस्था सापडाव्यात अशी अपेक्षा आहे. २०१८ सालचा त्यावरचा एक गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, आणि २०२५ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या चिपवरही तज्ज्ञांचं एकमत नाही.

कुलाब्यात मंदार देशमुख आणि आर. विजय यांच्या गटांनी हाच उसना गुण वापरला तो ग्राफीनसोबत. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा. मॉलिब्डेनम-ऱ्हेनियम या अतिसंवाहक मिश्रधातूच्या दोन काठांमध्ये तो बसवला. त्यातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बाहेरून व्होल्टेज देऊन कमीजास्त करता येते, म्हणजे अतिसंवाहक प्रवाहाला चक्क तोटी बसवता येते. त्यातून त्यांनी एक प्रवर्धक बनवला, जो पुंज-यामिकीने घालून दिलेल्या किमान गोंगाटाच्या जवळ जाऊन क्षीण संदेश मोठे करतो. हे काम २०२२ साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये आलं. असे प्रवर्धक क्वांटम संगणकाची कुजबुज ऐकायला लागतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच संस्थेने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेसोबत सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण केली.

आणि तारकशी? तीही इथे आहेच. एमआरआय यंत्राच्या चुंबकात नायोबियम-टायटॅनियमची तार असते, पण ती एकटी नसते. तांब्याच्या दंडगोलात या मिश्रधातूच्या कांड्या भरायच्या आणि तो ओढत न्यायचा, भोकातून लहान भोकात, पुन्हा त्याहून लहान भोकात. शेवटी केसाहून बारीक धागे तांब्याच्या अस्तरात एकमेकांना न चिकटता उरतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा तारा बनवल्या गेल्या आहेत. धागे एरवी प्रवाह वाहतात. एखाद्या जागी ते तापून बिथरले तर तो भार घटकाभर तांबं सोसतं. आमच्या जुन्या तारकशाला ती भट्टी आणि ती पट्टी दाखवली असती तर त्याला फारसं काही नव्याने समजवावं लागलं नसतं.

मोहालीच्या त्या ठिपक्याचं कोडं मात्र सुटलेलं नाही. त्याच अंकात बेजिंगच्या गटानेही कॅडमियम आर्सेनाइडवर टोक टेकवून अतिसंवाहकता दाखवली होती, म्हणजे निरीक्षणाला लगेच दुसरा साक्षीदार मिळाला. पुढच्या वर्षी मोहालीकरांनी टॅन्टलम आर्सेनाइडवरही तशीच अतिसंवाहकता मांडली. पण ती येते कुठून? पहिला संशय दाबावर जातो : बारीक टोकाखाली दाब मोठा असतो, आणि कॅडमियम आर्सेनाइडला सर्व बाजूंनी वातावरणाच्या ऐंशी-नव्वद हजार पट दाबात धरलं तर तो खरोखरच अतिसंवाहक होतो. मात्र तेव्हाही तापमान २ ते ४ केल्व्हिनच्या पुढे जात नाही, आणि चांदीच्या टोकाखाली ते ६ च्या वर गेलं होतं. शिवाय १३ केल्व्हिनपर्यंत जोड्यांची पुसट खूण टिकली होती. आणि चांदी तर मऊ. मऊ आहे म्हणूनच तिची कलाबतू होते. इतका दाब देण्याच्या आत ती स्वतःच पसरेल. मग चांदीतून स्फटिकात शिरलेले इलेक्ट्रॉन, की एवढ्याशा जागेत त्यांना कोंडल्याचा परिणाम, की शिवेवर मोडलेली स्फटिकाची सममिती? तिन्हींच्या बाजूने बोलणारे लोक आहेत.

आत डोकावून बघायची सोय नाही, कारण काही नॅनोमीटरांचा तो ठिपका टोकाखाली झाकलेला असतो. त्याचा रोध वेगळा मोजता येत नाही, त्याचं चुंबकीय वागणं तपासता येत नाही. टोक थोडं मागे घ्यायचं, बाजूला सरकवायचं, पुन्हा टेकवायचं, आणि आलेख काढायचा. टोक पुरतं वर उचललं की अतिसंवाहकता नाहीशी होते. चांदीच्या तारेच्या अणकुचीवर तेवढा एक चपटा ठिपका राहतो, बादल्याच्या चकाकीचा.